शंभराच्या फाशावर जंगलातले मॉन्स्टर: आधी दानं मोजा, मग टक्के वाटा

प्रश्न थोडक्यात असा. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती, तिसऱ्या लेव्हलचे चार खेळाडू, जंगलातून बारा दिवसांचा प्रवास. विचारणाऱ्या डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, वाटेत काय भेटेल ते ठरवायला शंभर घरांचा तक्ता बनवला. दर चार तासांनी, म्हणजे दिवसातून सहा वेळा, दहा-बाजूंचे दोन फासे टाकायचे. ०१ ते ५० पडलं तर काही नाही. ५१ ते ६५ गॉब्लिन. पुढे लांडगे, लुटारू, कोळी वगैरे, आणि शेवटच्या तीन घरांत, ९८ ते ०० (म्हणजे शंभर) वर, तरुण हिरवा ड्रॅगन. पहिल्या तीन दिवसांत गॉब्लिन तीनदा आले आणि खेळाडू कंटाळले. तिसऱ्या रात्री ९९ पडलं, तेव्हा डीएमनं पडद्याआड फासा हळूच फिरवला. आता विचारणा अशी की शंभराचा फासा सोडून २डी६ (सहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज) किंवा डी२० (वीस बाजूंचा एक फासा) घ्यावा का, आणि पडलेलं दान असं न मानणं चालतं का.

फासे बदलायची गरज नाही. ते अगदी शहाण्यासारखे वागलेत.

तीन दिवसांत अठरा दानं टाकली. गॉब्लिनना पंधरा टक्के दिलेत, म्हणजे अठरा दानांत ते सरासरी २.७ वेळा यायला हवेत. तीनदा आले. तक्त्यात लिहिलं होतं तेच फाशांनी वाचून दाखवलं. ड्रॅगनचे तीन टक्के कागदावर फार थोडे वाटतात, पण एका दानात तो न येण्याची शक्यता ०.९७ आहे. ती स्वतःशीच अठरा वेळा गुणली की ०.५८ उरते. म्हणजे पहिल्या तीन दिवसांतच ड्रॅगन गाठण्याची शक्यता ४२ टक्के होती. बारा दिवसांची ७२ दानं धरली तर तीच ८९ टक्क्यांवर जाते. ज्याला तुम्ही दुर्मीळ म्हणून शेवटच्या घरात बसवलंत, तो या प्रवासात येणार हे जवळजवळ ठरलेलंच होतं. शिवाय निम्म्या दानांना काहीतरी येतंच, म्हणजे बारा दिवसांत सरासरी छत्तीस गाठीभेटी. दर सेशनला, म्हणजे खेळाच्या एका बैठकीला, तीन उरकल्या तरी बारा सेशन जंगलातच जातील.

म्हणून तक्ता लिहिण्याआधी त्यावर एकूण किती दानं पडणार आहेत ते मोजायचं. टक्का हा एका दानाचा असतो, पण खेळाडूंच्या वाट्याला अख्खा प्रवास येतो. दहा दानांत एक टक्क्याची ओळ किमान एकदा येण्याची शक्यता साडेनऊ टक्के, पाच टक्क्यांची चाळीस टक्के. वीस दानांत हेच आकडे अठरा आणि चौसष्ट होतात. फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे, आणि या प्रकारचे नव्वद टक्के घोळ तिथेच सुटतात (हे नव्वद मात्र माझ्या अंदाजाचे, फाशांचे नव्हेत).

दुसरा घोळ असा की दोन वेगळे प्रश्न एकाच दानात कोंबले गेलेत. 'काही येतंय का?' हा एक प्रश्न आणि 'आलंच तर काय?' हा दुसरा. पहिल्याचं उत्तर प्रवासाच्या लयीवर अवलंबून असतं, दुसऱ्याचं त्या जंगलावर. दोन्ही एका तक्त्यात ठेवले की एकाला हात लावताना दुसरं हलतं. गाठीभेटी कमी करायला 'काही नाही'ची घरं पन्नासवरून ऐंशी केलीत, तर उरलेल्या वीस घरांत सगळं जंगल दाटीवाटीनं बसवावं लागतं आणि दुर्मीळ-सर्रास हा फरकच राहत नाही. वेगळे ठेवले की रस्ता धोकादायक झाला तर फक्त पहिलं दान बदलायचं, जंगल बदललं तर फक्त दुसरं.

पहिल्या दानासाठी पाचव्या आवृत्तीत (२०१४) सुचवलेली पद्धत साधी आहे: डी२० टाका, १८ किंवा जास्त पडलं तर काहीतरी येतं. म्हणजे १५ टक्के. दिवसाला तीन वेळा टाका: चालताना सकाळी एकदा, दुपारी एकदा, रात्री तळ ठोकल्यावर एकदा. पूर्ण दिवस शांत जाण्याची शक्यता ०.८५ चा घन, म्हणजे ६१ टक्के. बारा दिवसांत छत्तीस वेळा डी२० पडेल आणि सरासरी ५.४ गाठीभेटी होतील. हा आकडा माझ्या मते दोन-तीन सेशनच्या प्रवासाला बरोबर बसतो.

इथे परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं. प्रवास हाच खेळ असेल, नकाशावरची षटकोनी घरं एकेक करून धुंडाळायची असतील, तर पाच भेटी अगदीच कमी. सहा वेळा डी२० टाका किंवा १७ पासून मोजा. उलट पुढच्या गावात खरी गोष्ट घडणार असेल आणि जंगल फक्त मधला टप्पा असेल, तर तक्ता बाजूला ठेवून दोन भेटी हातानं निवडल्या तरी कुणाचं बिघडत नाही. आणखी एक गोष्ट पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांपुरती. तिचा हिशेब एका दिवसात सहा ते आठ मध्यम-अवघड लढती धरून केलेला आहे. दिवसाला एकच लढत आणि मग रात्रभर पूर्ण विश्रांती मिळाली, तर जादूगार सगळे मंत्र त्या एकाच लढतीत उधळतो आणि सकाळी पुन्हा ताजातवाना. मग मधल्या लढतींना काही किंमतच राहत नाही. अशा प्रवासात एकतर पूर्ण विश्रांती फक्त सुरक्षित जागीच मिळते असं खेळाडूंना आधी सांगून ठेवा, नाहीतर तक्त्यातल्या निम्म्या ओळी लढाईच्या ठेवूच नका. मला दुसरा मार्ग आवडतो.

आता दुसरं दान, म्हणजे खरा शंभराचा तक्ता. डी अँड डीच्या १९७७ च्या जुन्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये (प्राण्यांची माहिती देणाऱ्या पुस्तकात) प्रत्येक प्राण्यापुढे तो किती वेळा दिसतो ते चार शब्दांत दिलेलं असे, आणि त्या शब्दांना आकडे होते: सर्रास ६५ टक्के, क्वचित २०, दुर्मीळ ११, अतिदुर्मीळ ४. ही वाटणी आजही उत्तम चालते, कारण तिची बेरीज शंभर होते आणि घरं वाटणं सोपं जातं. तुमच्या जंगलासाठी मी ती अशी भरली असती.

सर्रासच्या ६५ घरांत पाच ओळी, प्रत्येकी तेरा घरांच्या. ०१ ते १३ लाकूडतोडे किंवा वाट चुकलेले व्यापारी. १४ ते २६ नुसत्या खुणा: माग, विझलेली चूल, झाडावरचे ओरखडे. २७ ते ३९ लांडगे, ४० ते ५२ लुटारू, ५३ ते ६५ गॉब्लिन. क्वचितच्या वीस घरांत चार ओळी, पाच-पाच घरांच्या: ६६ ते ७० शिकारी किंवा एखादा ड्रुइड (निसर्गपूजक जादूगार), ७१ ते ७५ ओर्क, ७६ ते ८० महाकाय कोळी, ८१ ते ८५ डायर वुल्फ (थोराड लांडगा). दुर्मीळच्या अकरात आउलबेअरला (घुबडतोंड्या अस्वलाला) ८६ ते ८९, ओगरला ९० ते ९३ आणि हिरव्या चेटकिणीला ९४ ते ९६. उरली चार घरं: ९७-९८ ट्रोल, ९९-०० ड्रॅगन. एकूण चौदा ओळी. शंभर घरांसाठी शंभर ओळी लिहायचा मोह होतो, पण साडेपाच दानांसाठी शंभर ओळी लिहिणं म्हणजे पाच पाहुण्यांसाठी लग्नाचा स्वयंपाक. चौदातल्याही निम्म्या ओळी या प्रवासात पडणार नाहीत.

ड्रॅगनचे दोन टक्के आता कसे बसतात बघा. प्रत्येक वेळी आधी १५ टक्क्यांची पायरी, मग दोन टक्क्यांची, म्हणजे एका खेपेला ०.३ टक्के. छत्तीस खेपांत मिळून सुमारे दहा टक्के. दर दहा पार्ट्यांतल्या (खेळाडूंच्या चमूंतल्या) एका पार्टीला हा ड्रॅगन भेटेल. याला दुर्मीळ म्हणता येतं.

ओळीची घरं ठरली तरी ओळीत किती प्राणी लिहायचे हा वेगळा सापळा आहे, आणि मला तो टक्क्यांपेक्षा जास्त धोकादायक वाटतो. २०१४ च्या नियमांप्रमाणे तिसऱ्या लेव्हलच्या चौघांसाठी सोपी लढत ३०० गुणांची (शत्रू हरवल्यावर मिळणारे अनुभवाचे गुण), मध्यम ६००, अवघड ९००, आणि प्राणघातक १६०० पासून पुढे. गॉब्लिन ५० गुणांचा. २डी४ लिहिलंत तर सरासरी पाच येतात: अडीचशे, आणि तीन ते सहा शत्रूंसाठी दुप्पट, म्हणजे ५००. सोप्या आणि मध्यमच्या मध्ये. अगदी आठ आले तरी ४०० गुणिले अडीच, म्हणजे हजार: अवघड, पण निभावून नेण्यासारखी. आता डायर वुल्फ बघा, २०० गुणांचा. १डी४ ही नोंद दिसायला निरुपद्रवी. एक आला तर २०० गुण, चौघं त्याला चहा पिता पिता संपवतील. चार आले तर ८०० ची दुप्पट, बरोबर १६००, म्हणजे प्राणघातक. एकाच ओळीत दोन टोकं. त्याऐवजी १डी२+१ लिहा: दोन आले तर ४०० ची दीडपट ६००, तीन आले तर १२००. प्राणी जितका दांडगा, तितका त्याच्या संख्येचा फासा लहान आणि त्यापुढचा अधिक आकडा मोठा ठेवायचा. २०२४ च्या नियमांत हे दुप्पट-अडीचपट काढून टाकलंय आणि पातळ्याही वेगळ्या आहेत, त्यामुळे आकडे बदलतील. पण प्रत्येक ओळ कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन्ही टोकांना मोजून पाहायची सवय तिथेही तीच.

जुन्या आवृत्त्यांतले आकडे मात्र जसेच्या तसे उचलू नका. त्या मॅन्युअलमध्ये ओर्कपुढे तीस ते तीनशे लिहिलेलं आहे. ती संख्या अख्ख्या टोळीची, आणि त्याच ओळीत टोळी आपल्या ठिकाणावर सापडण्याची शक्यता ३५ टक्के अशी वेगळी दिलेली. वाटेत भेटणारी तुकडी आणि डोंगरातला तळ हा फरक न पाहता कुणी ३० ओर्क तिसऱ्या लेव्हलवर सोडले तर दोष फाशांचा नाही.

तुमचा तरुण हिरवा ड्रॅगन ३९०० गुणांचा, म्हणजे प्राणघातकच्या उंबरठ्याच्या जवळजवळ अडीचपट. त्याच्या विषारी श्वासाचा मार १२डी६, सरासरी ४२. तिसऱ्या लेव्हलचा साधारण फायटर (लढवय्या) २८ हिट पॉइंटचा, म्हणजे तेवढा मार सोसणारा, विझार्ड (जादूगार) विसाचा. बचावाचं दान लागून मार निम्मा झाला तरी एकवीस बसतात. पहिल्या फुंकरीत अर्धी-अधिक पार्टी आडवी. याचा अर्थ ओळ काढून टाका असा नाही. ओळीत 'ड्रॅगन' एवढंच लिहिलेलं होतं, आणि डोक्यात त्याचा अर्थ 'ड्रॅगन येऊन लढतो' असा झाला, ती खरी चूक. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी हव्यात: कोण, किती, आणि आत्ता काय करतोय. 'तरुण हिरवा ड्रॅगन, झाडांच्या वरून, शिकारीला निघालेला. खाली कोण आहे याकडे लक्ष नाही' अशी ओळ असेल तर ९९ पडल्यावर फासा फिरवायचं कारणच उरत नाही. खेळाडू झुडपात दडी मारतील, खेचराचं तोंड दाबून धरतील, आणि ती रात्र त्यांना गॉब्लिनच्या तिन्ही लढतींपेक्षा जास्त लक्षात राहील.

'काय करतोय' हे सुचत नसेल तर डी अँड डीच्या १९८१ च्या बेसिक संचातलं प्रतिसादाचं दान उचला, मी सगळ्या आवृत्त्यांत तेच वापरतो. २डी६ टाका. २ पडलं तर थेट हल्ला. ३ ते ५ वैरभाव, हल्ला होऊही शकतो. ६ ते ८ संभ्रम. ९ ते ११ हल्ला नाही, निघून जातील किंवा बोलणं ऐकून घेतील. १२ म्हणजे चक्क मैत्री. छत्तीसपैकी एकाच वेळी थेट हल्ला; ६ ते ८ चा मधला पट्टा एकटाच ४४ टक्क्यांचा आहे. म्हणजे तोच गॉब्लिन तीनदा आला तरी एकदा तो लढेल, एकदा वाटेचा कर मागेल, एकदा लांडग्यांपासून पळत तुमच्याच शेकोटीशी येईल. बिनबुद्धीच्या प्राण्यांना किंवा जिवंत प्रेतांना हे लावायचं नाही, एवढंच भान ठेवा. अंतरही आधी ठरवा. त्याच संचात गुहेतलं अंतर २डी६ गुणिले दहा फूट आहे. जंगलात झाडी किती दाट आहे त्यावर आकडा ठरेल, पण तो ठरायला हवाच. अंतर न ठरवता 'समोर ओगर उभा आहे' म्हटलं की खेळाडूंकडे तलवार उपसण्यावाचून पर्याय उरत नाही.

खुणांच्या ओळीला मी मुद्दाम तेरा घरं दिली. ती पडली की पुन्हा शंभराचं दान टाका, आणि जे येईल त्याच्या खुणा दाखवा. ड्रॅगन आला तर जळल्यासारखी पिवळी पडलेली झुडपं आणि डोळे चुरचुरायला लावणारा वास. जुन्या आवृत्त्यांत हिरव्या ड्रॅगनचा श्वास म्हणजे क्लोरिन वायूच होता. खुणेवरून मागे फिरायचं की माग काढायचा हे खेळाडूंनी ठरवायचं. याच ओळीत मराठी मंडळींसाठी एक खास सोय आहे: रात्री वाट चालणाऱ्या पार्टीला चकवा लावा. पहाटे कळतं की आपण त्याच झाडाशी आलोय. चार तास आणि एक दिवसाची शिधा गेली, तलवार कुणी उपसली नाही. ही गाठभेट नव्हे असं कोण म्हणेल?

आता पुन्हापुन्हा तेच येण्याचं. नव्या तक्त्यातही पाच दानांत कुठलीतरी ओळ दोनदा पडण्याची शक्यता जवळजवळ दोन-तृतीयांश आहे, मी मोजून पाहिलंय. लोकांना हे नेहमी जास्त वाटतं, पण पाच मोठ्या ओळी तेरा-तेरा टक्क्यांच्या असल्या की असंच होणार. उपाय दोन. पडलेली ओळ खोडून खालची ओळ घ्यायची, हा एक. सोपा आहे, पण यात खोडलेल्या ओळीची तेरा घरं फुकटात शेजारणीला मिळतात. गॉब्लिनच्या खाली ओर्क असेल तर ओर्कचे पाचाचे अठरा टक्के होतात, हे लक्षात ठेवून ओळींचा क्रम लावा. दुसरा उपाय मला बरा वाटतो: ओळ खोडायची आणि त्याच घरांत तिचा पुढचा भाग लिहायचा. ५३ ते ६५ वर पहिल्यांदा गॉब्लिनची टोळी, दुसऱ्यांदा त्यातून निसटलेला एकजण मदत घेऊन आलेला, तिसऱ्यांदा त्यांचा रिकामा तळ. घरं तीच, टक्के तेच, आणि तीन अपघातांची आपोआप एक गोष्ट बनते. बंदिस्त गुहेत तर हे अनिवार्यच आहे. तिथले भटके गॉब्लिन पुढच्या खोलीतल्या बारांपैकीच असायला हवेत. मारले तितके खोलीतून वजा करा.

अधिक-उण्याचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पुढच्या आठवड्यात विचाराल. रात्र आहे, दाट जंगल आहे, म्हणून दानात वीस मिळवावेत असं प्रत्येकाला कधीतरी सुचतं. शंभराच्या तक्त्यावर हे केलं की सगळा भार शेवटच्या ओळीवर कोसळतो. ९९ किंवा जास्त म्हणजे ड्रॅगन असेल, तर अधिक वीस केल्यावर ७९ पासून १०० पर्यंतचं प्रत्येक दान ड्रॅगन आणतं. दोन टक्क्यांचे बावीस टक्के! आणि खालच्या टोकाची पहिली वीस घरं पडतच नाहीत. मिळवायचंच असेल तर तक्ता १२० पर्यंत लिहा, म्हणजे १०१ ते १२० वर फक्त रात्रीच भेटणाऱ्या गोष्टी येतील. रस्त्याजवळ वीस वजा करायचे असतील तर शून्य आणि त्याखालची सगळी दानं पहिल्या ओळीत साठतात. म्हणूनच मी तिथे लाकूडतोडे आणि व्यापारी ठेवलेत. वीस वजा केल्यावर ती ओळ ३३ टक्क्यांची होते, आणि रस्त्यावर माणसंच भेटायला हवीत. याहून सौम्य मार्ग म्हणजे धोक्याच्या जागी शंभराचं दान दोनदा टाकून मोठं घ्यायचं. ड्रॅगन दोनाऐवजी जेमतेम चार टक्क्यांवर जातो, आणि तक्त्याला हात लागत नाही. अर्थात यातलं काहीही करायचं तर ओळी धोक्याच्या चढत्या क्रमानं हव्यात, वर्णानुक्रमानं नकोत.

फासे वाचायचं एकदाच ठरवून टाका. एका फाशावर ००, १०, २० असे दशक असतात, दुसऱ्यावर ० ते ९. ०० आणि ७ म्हणजे सात, ७० आणि ० म्हणजे सत्तर, आणि ०० आणि ० म्हणजे शंभर. काहीजण एककाचा ० हा दहा धरतात. मग ७० आणि ० म्हणजे ऐंशी आणि शंभर होतो ९० आणि ० वर. गणितानं दोन्ही सारखेच समान आहेत. घोळ होतो तो दान पडल्यावर पद्धत बदलली की. दोन्ही फासे एकसारखे असतील तर कुठला दशकाचा हे टाकण्याआधी मोठ्यानं म्हणा, नाहीतर ४९ आणि ९४ यांतलं सोयीचं निवडलं जातं, नकळत का होईना. दहाचा फासाच नसेल तर डी२० चा एककाचा अंक घ्या: ७ आणि १७ दोन्ही सातच. खरोखरचा शंभर बाजूंचा गोळाही मिळतो, लू झोकी यांनी १९८५ च्या सुमारास काढलेला. तो टेबलावरून लोळत शेजाऱ्याच्या चहापर्यंत जातो आणि थांबल्यावरही वरचा आकडा कुठला यावर वाद होतो. शोभेला ठेवा.

मग २डी६ किंवा डी२० घ्यावा का? घेतलात तरी हरकत नाही, पण ज्या कारणासाठी बदलताय ते कारण तसंच राहील. शंभराचा फासा सपाट, २डी६ मध्ये मधले आकडे जास्त, हे खरं. सात सहात एकदा पडतात, दोन आणि बारा छत्तीसात एकदा. पण शंभराच्या तक्त्यात घरं कमी-जास्त देऊन हवा तो उंचवटा तुम्ही स्वतःच घडवता. २डी६ तो उंचवटा आयता देतो, बदलू मात्र देत नाही. पाचव्या आवृत्तीत १डी१२+१डी८ सुचवलेलं आहे, त्यात ९ ते १३ हे पाचही आकडे सारखेच, प्रत्येकी सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास, आणि दोन्ही टोकांना उतार. झटपट तक्त्याला ते छान. डी२० मध्ये सगळ्यात लहान घर पाच टक्क्यांचं. त्यामुळे अतिदुर्मीळ ओळी नसतील तर डी२० पुरे. बारा आणि चौदा टक्क्यांतला फरक पाच दानांत कुणालाच जाणवणार नाही. शंभराचा फासा खरा कामी येतो तो दोन-तीन टक्क्यांच्या ओळी हव्या असतात तिथे. तुम्हाला ड्रॅगन हवाय, म्हणून तुमच्यासाठी शंभरच.

दान न मानण्याबद्दल माझं मत कडक आहे. लपवून फासा फिरवला तर ती ओळ तक्त्यात होतीच कशाला? सेशनच्या आदल्या दिवशी प्रत्येक ओळ वाचा आणि स्वतःला विचारा, हे पहिल्याच दानाला पडलं तर मी आनंदानं खेळवीन का? उत्तर 'नाही' असेल तर ओळ बदला, काढा किंवा तिच्यात 'काय करतोय' हे नव्यानं लिहा. याउलट आदल्या दिवशीच छत्तीस डी२० टाकून ठेवायला माझी काहीच ना नाही. चौथ्या दिवशी दुपारी ओगर, सातव्या रात्री खुणा, असा कागद हातात असला की ओगरचं पान आधीच उघडून ठेवता येतं आणि टेबलावर कुणी ताटकळत नाही. समोरच टाकायचं असेल तर डी२०, शंभराचे दोन आणि प्रतिसादाचे दोन डी६ एकाच मुठीत घेऊन एकदम टाका. डी२० सतरा किंवा कमी आला तर बाकीचे बघायचेच नाहीत.

तुमच्या चालू प्रवासाचे नऊ दिवस उरलेत. नवा तक्ता आजपासून लावा. दिवसाला तीन याप्रमाणे सत्तावीस खेपा, सरासरी चार भेटी. आणि त्या रात्री फिरवलेलं ९९ वाया घालवू नका. चौथ्या दिवशी सकाळी तळापासून शंभर पावलांवर अर्धवट खाल्लेलं हरीण आणि भोवती पिवळी पडलेली झुडपं सापडू द्या.